टोलनाक्यावर विश्वास, रेशन दुकानात ‘उद्या या’

रेशनच्या ई-पॉस यंत्राबद्दल गाऱ्हाणं मांडलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळतं आणि संगणक क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींकडूनही मिळतं. ते असं: दुकानातलं यंत्र ही केवळ खिडकी आहे. समोरचा माणूस कोण, त्याचा हक्क किती आणि या महिन्याचं धान्य त्याने उचललं की नाही, हे मध्यवर्ती सर्व्हरनेच ठरवायचं. यंत्राला काही ठरवू दिलं तर दुकानदार लबाडी करील. म्हणून सर्व्हर बोलत नसेल तर धान्य देऊ नये. लोकांची थोडी गैरसोय होईल, पण चोरी थांबेल. नेटवर्क सुधारतंच आहे, त्यामुळे उरलेला प्रश्नही काही वर्षांत आपोआप सुटेल.

हे म्हणणं हवेतून आलेलं नाही. बोगस कार्डं, गोदामातून परस्पर बाजारात गेलेली पोती, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेलं धान्य हे सगळं महाराष्ट्राने पाहिलं आहे. 2017-18 पासून राज्यातल्या रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रं आली, ती याच अनुभवातून. तरीही निर्णयाचा कणभरही अधिकार दुकानातल्या यंत्राला द्यायचा नाही, हा आग्रह तंत्र म्हणून चुकीचा आहे आणि न्याय म्हणून त्याहून चुकीचा आहे. त्यासाठी दूर जायला नको. रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले तरी पुरेसं आहे.

आधी व्यवहार कसा होतो ते पाहू. खांडस, कशेळे, चौक, वावोशी या भागांतल्या वाड्यांमधून कातकरी किंवा ठाकर बाई डोंगर उतरून दुकानात येते. दुकानदार कार्डाचा क्रमांक यंत्रात घालतो. क्रमांक सर्व्हरकडे जातो, कुटुंबाची नावं परत येतात. बाई अंगठा लावते. तो ठसा आधारच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून होकार किंवा नकार येतो. मग हक्काचं धान्य किती ते दिसतं, नोंद होते, पावती निघते. म्हणजे यंत्राची बॅटरी, सिमकार्डाची रेंज, जवळच्या टॉवरची वीज, राज्याचा सर्व्हर आणि आधारचा सर्व्हर हे सगळं एकाच वेळी जिवंत असावं लागतं. त्यातलं एक जरी मेलं तरी व्यवहार शून्य. धान्य दुकानात पोत्यांत भरलेलं आहे, बाई समोर उभी आहे, दुकानदार तिला ओळखतो, पण यंत्र फिरत राहतं. मग तिला सांगितलं जातं, ‘उद्या या.’

‘थोडी गैरसोय’ म्हणतात ती हीच, तेव्हा तिची किंमतही मोजू. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या एका माणसाचा महिन्याचा हक्क 5 किलो. तांदळाचा सरकारला पडणारा खर्च किलोला 40 रुपयांच्या आसपास धरला तर हे 5 किलो 200 रुपयांचे होतात. म्हणजे दोन फेऱ्या फुकट गेल्या तर बुडालेली मजुरी तिघा माणसांच्या महिन्याच्या धान्याइतकी होते. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे असं आपण अभिमानाने सांगतो. फुकट धान्यासाठी रोज बुडवावा लागत असेल तर ते फुकट राहत नाही. ज्यांच्या घरी साठवणीला कणगी नाही आणि आषाढ-श्रावणात हाताला काम नाही, त्यांना आजचं धान्य उद्या मिळणं म्हणजे आजची उपासमार. कातकरी समाज सरकारच्याच यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. ज्यांच्यासाठी ही योजना सर्वांत आधी पोचायला हवी, त्यांच्याच वाटेत ती अडते.

आता याच खालापूर तालुक्यातलं दुसरं यंत्र पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या खालापूर टोलनाक्यावर फास्टॅग लावलेली गाडी येते. अँटेना टॅग वाचतो आणि काही सेकंदांत दांडी उचलली जाते. तेवढ्या वेळात गाडीमालकाच्या बँकेला विचारून, होकार घेऊन, पैसे वळते करून मग दांडी उचललेली नसते. फास्टॅगच्या रचनेत शिल्लक संपलेल्या आणि अडवायच्या टॅगांची यादी नाक्यावरच्या संगणकाकडे आधीच पोचलेली असते आणि ती सतत ताजी होत राहते. टॅग त्या यादीत नसेल तर नाका स्वतः निर्णय घेतो आणि गाडी सोडतो. व्यवहाराची नोंद मागाहून वर जाते, पैसे मागाहून वळते होतात. म्हणजे केंद्राने आपला अधिकार मर्यादेत बांधून नाक्यावरच्या यंत्राकडे सोपवलेला आहे.

राष्ट्रीय महामार्गांसाठी तर 2018 मध्ये केंद्राने नियमच केला: टॅग चालू आहे, शिल्लक आहे आणि तरीही नाक्याची यंत्रणा बिघडल्यामुळे टोल घेता येत नसेल तर गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. यंत्र बिघडलं तर तोटा यंत्रणेचा, गाडीवाल्याचा नाही.

मोटारवाल्याच्या वेळेसाठी जो नियम सुचला, तो कातकरी बाईच्या अन्नासाठी का सुचू नये? यावर उत्तर येईल की गाडीमालकाने पैसे आधीच भरलेले असतात. बाईचंही आधीच भरलेलं असतं. तिचा हक्क संसदेने 2013 च्या कायद्याने भरून ठेवला आहे. दुकानाचं महिन्याचं नियतन मंजूर झालेलं आहे, पोती दुकानात उतरलेली आहेत. शिल्लक आहे, टॅग चालू आहे, बंद पडली आहे ती यंत्रणा.

पहिला आक्षेप दुबार उचलीचा. केंद्राला न विचारता धान्य दिलं तर एकच कार्ड दोन ठिकाणी चालेल, हिशेब फुटेल. संगणकशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला आणि सोडवलाही. आयबीएमने 1969 मध्ये सीआयसीएस नावाची व्यवहार हाताळणारी प्रणाली बाजारात आणली, तेव्हा समोरची टर्मिनलं मुकी होती आणि सगळी बुद्धी मोठ्या यंत्रात होती. त्या काळात केंद्राला विचारल्याशिवाय काहीच न करणं समजण्यासारखं होतं. पण 1986 मध्ये पॅट्रिक ओ’नील यांनी एक पद्धत मांडली. एखाद्या साठ्यातला ठरावीक वाटा आधीच बाजूला काढून त्या त्या व्यवहाराच्या नावे राखून ठेवायचा, म्हणजे त्या वाट्यापुरतं काम इतरांसाठी न थांबता करता येतं आणि एकूण साठ्याचा हिशेबही फुटत नाही. रेशनला ही कल्पना तंतोतंत लागू पडते, कारण इथे वाटा आधीच ठरलेला आहे. अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. हा आकडा अंगठा लावण्याच्या क्षणी सर्व्हरला सुचत नाही, तो महिना सुरू होण्याआधीच ठाऊक असतो. मग ही यादी सरकारी डिजिटल सहीसह 1 तारखेला यंत्रात उतरवून ठेवायला काय हरकत आहे?

उतरवली तर जास्तीत जास्त वाईट काय होईल? एखादं कार्ड रेंज नसताना गावातल्या दुकानात चाललं आणि त्याच महिन्यात दुसरीकडेही चाललं. तोटा एका कार्डाच्या एका महिन्याच्या धान्याचा, अंत्योदय कार्ड असेल तर 35 किलो. यंत्राला रेंज मिळताच नोंदी जुळतील, दुबार उचल उघडी पडेल आणि पुढच्या महिन्यात तेवढं धान्य वळतं करता येईल. धोका आधीच मोजलेला आणि वसूल होण्याजोगा आहे. उलट सर्व्हर बंद म्हणून नाकारलेलं जेवण कुठल्याही नोंदीने परत करता येत नाही. दोन चुकांपैकी एक निवडायचीच असेल, तर सुधारता येणारी चूक निवडावी.

बँकांनी तीच निवडली आहे. बँकेचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर ठरलेल्या मर्यादेत बँकेच्या वतीने होकार देण्याची सोय मोठी कार्ड-जाळी कित्येक वर्षं वापरतात. रिझर्व्ह बँकेने 3 जानेवारी 2022 रोजी इंटरनेटविना छोट्या रकमा देण्याची चौकट जाहीर केली. सुरुवातीला एका व्यवहाराला 200 रुपये आणि एकूण 2000 रुपये अशी मर्यादा होती, ती पुढे वाढत गेली. जिथे जाळं कमकुवत आहे तिथल्या लोकांनाही व्यवहार करता यावा, हाच त्यामागचा विचार. पैशाच्या बाबतीत देशातली सर्वांत सावध संस्था जो धोका पत्करते, तो धान्याच्या बाबतीत पुरवठा खात्याला का पत्करता येऊ नये?

दुसरा आक्षेप चोरीचा, आणि तोच खरा मुद्दा म्हणून पुढे केला जातो. पण चोरी नेमकी कुठे होते? अंगठा 35 किलोचा लागतो आणि पिशवीत 32 किलो पडतात, ही चोरी सर्व्हरला कधीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तो अगदी निर्दोष व्यवहार असतो. झारखंडमध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हेच दाखवून दिलं: अंगठ्याच्या सक्तीने माणसं बाहेर राहिली, पण मापातली चोरी तशीच चालू राहिली. माप मारणं रोखायचं तर इलेक्ट्रॉनिक काटा ई-पॉसला जोडावा लागतो. त्यासाठी केंद्राने जून 2021 मध्ये नियमांत दुरुस्तीही केली. काट्याचं वजन यंत्राने जागच्या जागी नोंदवायचं असतं, त्यासाठी मुंबई-दिल्लीशी बोलणं लागत नाही. म्हणजे चोरी पकडण्यासाठीसुद्धा दुकानातलं यंत्र अधिक शहाणं व्हायला हवं.

दुकानदारावर विश्वास ठेवता येणार नाही, असंही म्हणतात. मग करोनाच्या काळाचं काय? तेव्हा महाराष्ट्र सरकारने लाभार्थ्यांच्या अंगठ्याची अट बाजूला ठेवली आणि दुकानदाराने स्वतःचा अंगठा लावून धान्य वाटावं अशी मुभा दिली. तो अधिकार यंत्राला दिला नव्हता, थेट दुकानदाराला दिला होता. त्या महिन्यांत काही ठिकाणी गैरप्रकार झाले असतील, पण राज्य चाललं आणि लोक जेवले. मी मागतो आहे ते त्याहून कितीतरी आखडतं आहे: दुकानदाराच्या शब्दावर काहीच सोडू नये, सही असलेली यादी, पुसता न येणारी नोंद आणि छापील पावती यांच्या चौकटीत यंत्राला निर्णय घेऊ द्यावा.

‘मग माणसाची ओळख कशी पटवणार? ठसे यंत्रात साठवणं कायद्यात बसत नाही.’ बरोबर, साठवूही नयेत. पण आधारच्या कागदावरचा सुरक्षित क्यूआर कोड कशासाठी आहे? त्यात नाव आणि छायाचित्र प्राधिकरणाच्या डिजिटल सहीसह असतं आणि ती सही इंटरनेटशिवाय तपासता येते. 2019 च्या कायदादुरुस्तीने अशा पडताळणीला मान्यताही दिली आहे. तमिळनाडूने 2017 मध्ये क्यूआर कोड असलेली रेशनची स्मार्ट कार्डं वाटली आणि अंगठ्यावाचून दुकानं चालवून दाखवली. शिवाय वीटभट्टीवर माती कालवणाऱ्या, कोळसा पाडणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा लागत नाही ही तक्रार रेंज भरपूर असतानाही येते. ठशाचा हट्ट सोडला तर तीही सुटेल.

तिसरा आक्षेप: नेटवर्क येतंच आहे. येऊ दे, लवकर येऊ दे. पण सह्याद्रीच्या कड्याखालच्या वाडीत टॉवरची सावली पडते आणि पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो, हे इथल्या भूगोलाचं वास्तव आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा गाडीरस्ता नसल्याने मोठी यंत्रं डोंगरावर नेता आली नाहीत. कुमक पोचेपर्यंत जे वाडीत होतं तेच कामाचं होतं. शिवाय ज्या गावात रेंजचे पाचही दांडे दिसतात तिथेही सर्व्हर पडतो. 2024 च्या पावसाळ्यात राज्यभरातल्या दुकानांत सर्व्हरच्या बिघाडाने वाटप खोळंबलं आणि शेवटी ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. त्या दिवसांत मुंबईतल्या दुकानालाही कशेळ्याच्या दुकानाइतकीच अडचण होती. टॉवर वाढवून हा दोष जात नाही, कारण तो एकाच ठिकाणी सगळा निर्णय कोंडून ठेवण्यातून येतो. आणि जी सवलत गोंधळ माजल्यावर मंत्रालयातून पत्र काढून द्यावी लागली, ती यंत्राच्या रचनेतच असती तर बिघाडाच्या पहिल्या तासापासून धान्य वाटलं गेलं असतं.

चौथा आक्षेप: अपवादांची सोय आहे की. आहे, कागदावर. आधार प्राधिकरणाने 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकात ठसा जुळला नाही किंवा जाळं नसलं तरी लाभ नाकारू नये असं सांगितलं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात त्याच्या महिनाभर आधी संतोषी कुमारी ही 11 वर्षांची मुलगी दगावली होती. कुटुंबाचं रेशन आधार न जोडल्याने बंद झालं होतं, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. म्हणजे हे परिपत्रक कशासाठी आहे हे देशाला ठाऊक आहे. पण दुकानात ओटीपी मागवायचा तर तो सर्व्हरमार्फत येतो, नामनिर्देशित व्यक्तीचा अंगठा लावायचा तर तोही सर्व्हरच तपासतो. मूळ वाट जिथे अडते तिथेच पर्यायी वाटही अडते. उरते ती कागदी नोंदवही, आणि ती वापरली तर नंतर चौकशी आपल्यावर येईल म्हणून दुकानदार तिला हात लावायला घाबरतो.

पाचवा आक्षेप मात्र वजनदार आहे. दिवाळीनंतर इथली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला दूर जातात, कुणी परराज्यातही जातात. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे त्यांना तिथे धान्य घेता येतं. ऑगस्ट 2019 मध्ये ही सोय पहिल्यांदा राज्याराज्यांत सुरू झाली तेव्हाच्या जोड्यांपैकी एक महाराष्ट्र-गुजरातची होती. मध्यवर्ती सर्व्हर नसता तर हे शक्य झालं नसतं, आणि ही सोय सोडून देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. पण त्यासाठी गावात राहणाऱ्याला रोज सर्व्हरच्या दारात उभं करण्याची गरज नाही. नेहमीच्या दुकानात कार्डाचा वाटा राखलेला असावा. कुटुंब स्थलांतरित झालं की परक्या दुकानातली पहिली उचल सर्व्हरला विचारून व्हावी आणि त्याच वेळी पुढच्या महिन्यापासूनचा वाटा तिकडे वळावा. केंद्राची गरज जिथे खरी आहे तिथेच केंद्राला विचारावं.

सोपवणं म्हणजे काय, हे कर्जतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात आणि बोरघाटाचा 37 ला 1 असा चढ चढण्यासाठी मागे बँकर इंजिनं लागतात. पुढचा चालक गाडीचा मुख्य, मागच्या इंजिनांना त्यांचा चालक आणि त्यांची ताकद. इशारे ठरलेले, काम लोणावळ्यापर्यंतच. मागच्याला ताकदच दिली नाही तर गाडी घाटात अडेल आणि बेबंद ताकद दिली तर रुळावरून घसरेल, म्हणून ती मर्यादेसह दिली जाते. ई-पॉस यंत्राला आज जबाबदारी घाटाची आहे आणि ताकद शून्य आहे.

नुसता अधिकार सोपवून भागणार नाही, त्याबरोबर साधनंही सोपवावी लागतील: दिवसभर टिकणारी बॅटरी, पावतीचे रोल, जोडलेला काटा, बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी बदली यंत्र. कर्जत तालुक्याला याचा जुना अनुभव आहे. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने 1980 च्या दशकात इथल्या आदिवासी गावांत धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराकडे जाण्याऐवजी गावाच्या सामायिक साठ्यातून धान्य उचलायचं आणि सुगीनंतर थोड्या वाढीसह परत करायचं. हिशेब गावाचा, साठा गावाचा. ज्यांना आज यंत्रासमोर संशयित म्हणून उभं केलं जातं, त्याच लोकांनी धान्याचा असा हिशेब सांभाळला होता.

म्हणून मागणी नेमकी आहे. महिन्याच्या 1 तारखेला सही केलेली हक्कयादी प्रत्येक यंत्रात उतरवा. नेहमीच्या दुकानात त्या महिन्याची पहिली उचल सर्व्हरला न विचारता होऊ द्या. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या आणि ती आधीच्या नोंदीशी अशी जोडा की मधली एक काढली तर लगेच कळेल. नोंदी वर पाठवायला मुदत द्या आणि मुदतीत न पाठवणाऱ्या दुकानाची तपासणी करा. दर महिन्याची उचल यादी दुकानाच्या फलकावर लावा आणि दक्षता समितीला ती वाडीत वाचून दाखवायला लावा. दुबार उचलीची वसुली पुढच्या महिन्यात करा, आजच्या ताटातून करू नका.

आणि एवढं करूनही यंत्रणा बंद पडलीच, तर तोटा कुणाचा हे आधीच ठरलेलं असू द्या. अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 8 सांगतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने त्या माणसाला अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. कोणत्या दुकानाचं यंत्र किती तास बंद होतं हे सर्व्हरला अचूक ठाऊक असतं. मग ज्या कार्डांची उचल त्यामुळे महिनाअखेर राहिली, त्यांचा भत्ता अर्ज न मागता, अंगठा न मागता खात्यात जमा झाला पाहिजे. एका महिन्याचा असा भत्ता सरकारी तिजोरीतून गेला, की दुकानातल्या यंत्राला अधिकार सोपवायला किती वेळ लागतो ते कर्जत-खालापूरच्या वाड्यांनाही कळेल आणि मंत्रालयालाही.